‘सहायक’ या संज्ञेचे दोन अर्थ : मराठी व्याकरण आणि ध्वनियंत्रणा

प्रस्तावना :

अकलूज परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्याला ‘ऑक्झिलरी’ हा इंग्रजी शब्द दोन वेगवेगळ्या वाटांनी भेटतो. पहिली वाट वर्गातील आहे. शालेय व्याकरणात त्याने ‘सहायक क्रियापद’ पाठ केलेले असते आणि इंग्रजीच्या तासाला त्याच प्रकारासाठी ‘ऑक्झिलरी व्हर्ब’ हे नाव ऐकलेले असते. दुसरी वाट वर्गाबाहेरची आहे. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवरील टेपला मोबाइल जोडायचा तर ‘ऑक्सची वायर’ लागते. गणेशोत्सवाच्या किंवा लग्नाच्या मांडवातील साउंडवाला मिक्सरवर ‘ऑक्स एक’, ‘ऑक्स दोन’ असे म्हणत नॉब फिरवीत असतो. हा ‘ऑक्स’ म्हणजे ‘ऑक्झिलरी’चेच संक्षिप्त रूप होय. तथापि व्याकरणातील सहायक आणि मिक्सरवरील ऑक्स हे एकाच शब्दाचे दोन उपयोग आहेत, हे बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

यातून होणारे नुकसान केवळ शब्दज्ञानाचे नाही. ‘सहायक’ म्हटले की मराठी भाषकाच्या मनात कार्यालयातील उतरंड उभी राहते. सहायक म्हणजे कोणाच्या तरी हाताखालचा, नसला तरी चालेल असा, ही समजूत तो व्याकरणातही घेऊन येतो. परिणामी वाक्यातील सहायक क्रियापद हा अनावश्यक जोडभाग मानला जातो आणि वाक्याचे पृथक्करण चुकते. ध्वनियंत्रणेतही ‘ऑक्स’ म्हणजे कमी प्रतीची जोडणी असा समज आढळतो. दोन्ही क्षेत्रांतील ‘सहायक’ प्रत्यक्षात कोणते कार्य करतो, ते कार्य खरोखर दुय्यम आहे काय, आणि या दोहोंकडे एकत्र पाहिल्याने अध्यापनात काय साधते, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. शब्दाचा उगम :

‘ऑक्झिलरी’ हा शब्द लॅटिन ‘ऑक्झिलियम’ म्हणजे मदत, कुमक, या नामापासून आला आहे. या नामाच्या मुळाशी ‘वाढविणे’ या अर्थाचा ‘औगेरे’ हा धातू आहे. संस्कृतातील ‘ओजस्’ हा शब्द याच प्राचीन भारत-युरोपीय धातूशी संबंधित मानला जातो. वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकांना परिचित असलेले ‘ऑक्झिन’ हे वृद्धिसंप्रेरकाचे नावही ‘वाढणे’ या अर्थाच्या सजातीय ग्रीक धातूपासून घडविलेले आहे. म्हणजे या शब्दकुळात मुळातील कल्पना ‘वाढ’ ही आहे. कमीपणाची छटा तेथे नाही.

रोमन साम्राज्यात ‘ऑक्झिलिया’ हे नाव लष्करातील एका विभागाला होते. ज्यांना रोमचे नागरिकत्व नव्हते अशा प्रांतोप्रांतीच्या लोकांतून या तुकड्या उभारल्या जात. घोडदळ, तिरंदाजी यांसारखी जी कौशल्ये मुख्य पायदळाकडे पुरेशी नव्हती ती या तुकड्या पुरवीत. साधारण पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांतील सैनिकास नागरिकत्व मिळे. ब्रिटनमधील हेड्रियनच्या तटबंदीवर पहारा देणारे सैन्य मुख्यतः या ‘सहायक’ तुकड्यांचेच होते. नावाने सहायक असलेले सैन्य सरहद्दीवर मात्र मुख्य काम करीत होते, ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

२. मराठीतील ‘सहायक’ : रूप आणि व्याप्ती :

मराठीत या संज्ञेसाठी रूढ झालेला शब्द संस्कृत ‘सहाय’ यावरून आला आहे. ‘सह’ म्हणजे बरोबर आणि ‘अय’ म्हणजे जाणारा, अशी त्याची फोड केली जाते. सहाय म्हणजे सोबत चालणारा, सोबती. त्यावरून भाववाचक नाम ‘साहाय्य’ असे होते. म्हणून ‘सहायक’ किंवा ‘साहाय्यक’ ही रूपे शुद्ध ठरतात. ‘सहाय्यक’ हे रूप फलकांवर आणि शासकीय कागदांवर सर्रास दिसत असले तरी ते या दोन रूपांच्या सरमिसळीतून निर्माण झालेले आहे.

लॅटिन शब्दाच्या मुळाशी ‘वाढविणे’ आहे, तर संस्कृत शब्दाच्या मुळाशी ‘सोबत जाणे’ आहे. दोन्ही शब्दांत कनिष्ठतेचा अर्थ मूळचा नाही. तो प्रशासनाच्या भाषेतून आला. मराठी परिभाषेत ‘सहायक’ या एकाच शब्दावर अनेक इंग्रजी शब्दांचा भार पडला. ‘असिस्टंट कमिशनर’चा सहायक आयुक्त झाला आणि ‘ऑक्झिलरी व्हर्ब’चे सहायक क्रियापद झाले. इंग्रजीत हे दोन शब्द भिन्न आहेत. ‘असिस्टंट’ हा अधिकाराच्या पायरीवरील पद दर्शवितो, तर ‘ऑक्झिलरी’ हा रचनेतील कार्य दर्शवितो. मराठीत दोहोंना एकच नाव मिळाल्यामुळे पदाची उतरंड कार्याला चिकटली.

महाविद्यालयीन अध्यापकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर ‘अधिव्याख्याता’ हे पदनाम जाऊन ‘सहायक प्राध्यापक’ हे पदनाम आले. या पदावरील व्यक्ती कोणाच्या तासाला मदतनीस म्हणून उभी राहत नाही; तिचा तास तिचाच असतो. ग्रामीण आरोग्यसेवेतील ‘ए.एन.एम.’ या पदनामातील पहिले अक्षर तर ‘ऑक्झिलरी’चेच आहे. लसीकरण, गरोदर मातांची नोंदणी व तपासणी ही उपकेंद्रातील नित्याची कामे प्रामुख्याने तीच पार पाडते. पदनामात ‘सहायक’ असणे आणि कामात दुय्यम असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे येथे स्पष्ट होते.

३. व्याकरणातील सहायक :

आधुनिक मराठी व्याकरणलेखनाच्या आरंभी विल्यम केरी यांचे १८०५ मधील व्याकरण आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे १८३६ मधील ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ यांचा उल्लेख केला जातो. दादोबांच्या मांडणीवर इंग्रजी व्याकरणपद्धतीची छाप आहे, हे अभ्यासकांनी वेळोवेळी दाखवून दिले आहे. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ प्रसिद्ध झाले आणि क्रियापदविचाराला अधिक विस्तृत व चिकित्सक रूप आले.

मात्र मुख्य धातूच्या सोबत दुसरा धातू योजण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजीतून आली असे समजण्याचे कारण नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायात परोक्ष भूतकाळाची अशी रचना सांगितली आहे. ‘चोरयामास’, ‘ईक्षांचक्रे’ या रूपांत मूळ धातूला ‘आम्’ लागून तो गोठतो आणि काळ, पुरुष व वचन दाखविण्याचे काम त्यामागून येणारे अस्, कृ किंवा भू हे धातू करतात. या मागून येण्याला संस्कृत परंपरेत ‘अनुप्रयोग’ म्हटले जाते. ‘अनुप्रयोग’ ही संज्ञा मागून येणे एवढेच सांगते. मोठे-लहान असा भेद करीत नाही.

शालेय व्याकरणातील व्याख्या सर्वपरिचित आहे. धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून संयुक्त क्रियापद होते. मुख्य क्रियेचा अर्थ धातुसाधितात असतो आणि सहायक क्रियापद त्यास साहाय्य करते. ही व्याख्या चूक नाही, पण अपुरी आहे. सहायक क्रियापद नेमके कोणते साहाय्य करते, हे तीत येत नाही. त्याची किमान तीन कार्ये सांगता येतात.

(अ) काळ आणि क्रियेची अवस्था दाखविणे : ‘ती शिकवते’, ‘ती शिकवत आहे’, ‘ती शिकवत होती’, ‘ती शिकवत असे’, ‘ती शिकवत राहिली’ या वाक्यांत शिकविण्याची क्रिया एकच आहे. ती चालू आहे, संपलेली आहे, नित्याची होती की खंड न पडता चालली, हा सर्व तपशील सहायक क्रियापदांकडून मिळतो.

(आ) बोलणाऱ्याचा दृष्टिकोन दाखविणे : ‘त्याने अर्ज लिहिला’ हे केवळ निवेदन झाले. ‘लिहून दिला’ म्हटले की तो दुसऱ्यासाठी होता असे कळते. ‘लिहून घेतला’ म्हटले की तो स्वतःसाठी होता किंवा दुसऱ्याकडून करवून घेतला असे कळते. ‘लिहून ठेवला’ यात पुढची तरतूद आहे, ‘लिहून पाहिला’ यात प्रयत्न आहे, तर ‘लिहून टाकला’ यात एकदाचे काम उरकल्याचा भाव आहे. ‘तो वचन देऊन बसला’ या वाक्यातील ‘बसला’ हे आसनाबद्दल काही सांगत नाही. झाले ते होऊ नये होते, ही बोलणाऱ्याची हळहळ सांगते. मराठी माणसाच्या बोलण्यातील आग्रह, उपकार, कंटाळा, पश्चात्ताप यांचा बराच भाग या लहान क्रियापदांत साठविलेला असतो.

(इ) वाक्याची रचना ठरविणे : हे कार्य सर्वांत महत्त्वाचे असून अध्यापनात सर्वांत दुर्लक्षित आहे. पुढील पाच वाक्ये पाहावीत.

त्याने लावणी म्हटली.
तो लावणी म्हणू लागला.
तो लावणी म्हणू शकला.
त्याला लावणी म्हणता आली.
त्याला लावणी म्हणावी लागली.

पाचही वाक्यांत मुख्य धातू ‘म्हण’ हाच आहे, कर्ता तोच आहे आणि कर्मही तेच आहे. तरीही पहिल्या वाक्यात कर्त्याला ‘ने’ हा प्रत्यय लागला, दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यात तो प्रथमेत राहिला आणि शेवटच्या दोन वाक्यांत त्याला ‘ला’ हा प्रत्यय लागला. ‘लागला’, ‘शकला’ ही रूपे कर्त्याप्रमाणे पुल्लिंगी झाली. ‘म्हटली’, ‘आली’, ‘लागली’ ही रूपे लावणीप्रमाणे स्त्रीलिंगी झाली. मुख्य धातू बदललेला नसताना हा सर्व बदल कोणी घडविला? तो सहायक क्रियापदाने घडविला. दुसऱ्या आणि पाचव्या वाक्यांत तर सहायकही एकच, ‘लागणे’, आहे. पण आधी ‘म्हणू’ हे धातुसाधित आले की त्याचा अर्थ आरंभ असा होतो आणि ‘म्हणावी’ आले की सक्ती असा होतो, व त्याप्रमाणे विभक्ती बदलते. सहायक आणि त्याच्या आधीचे धातुसाधित यांची जोडी वाक्याचा प्रयोग ठरविते. ‘साहाय्य करणारे क्रियापद’ एवढ्या व्याख्येवर थांबणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगाचे प्रकरण अवघड जाते, याचे एक कारण येथे आहे.

आणखी एक मुद्दा म्हणजे कोणतेही क्रियापद जन्मतः सहायक नसते. बहुतेक सहायक क्रियापदे दुसऱ्या वाक्यात मुख्य म्हणून वावरतात. ‘तो ओट्यावर बसला’ यात ‘बसला’ मुख्य आहे. ‘ती माळशिरसला आहे’ यातील ‘आहे’ मुख्य आहे, तर ‘ती माळशिरसला जात आहे’ यातील ‘आहे’ सहायक आहे. कधी कधी एकच वाक्य दोन्ही प्रकारे घेता येते. ‘त्याने ऊस तोडून टाकला’ याचा अर्थ तोडणी पुरी केली असा होतो, आणि ऊस तोडला व कोठेतरी टाकला असाही होतो. अशा वेळी दोन क्रियारूपांमध्ये शब्द घालून पाहणे ही सोपी कसोटी उपयोगी पडते. ‘तोडून बांधावर टाकला’ असे म्हणताच दोन क्रिया वेगळ्या होतात आणि ‘टाकला’ मुख्य क्रियापद ठरते. अर्थात ‘सहायक’ हे शब्दाचे नाव नसून वाक्यातील जागेचे नाव आहे.

या जागेवर दीर्घकाळ राहिलेले क्रियापद हळूहळू आपले स्वतंत्र अस्तित्व गमावते. ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप. आज ‘जायला पाहिजे’ म्हणताना पाहण्याचा अर्थ कोणाच्या मनात येत नाही. ‘करतो आहे’चे ‘करतोय’ आणि ‘केले आहे’चे ‘केलंय’ होते तेव्हा सहायक क्रियापद प्रत्ययासारखे चिकटून जाते. सोलापूरकडील ‘काय करायलास?’ या प्रश्नातही सहायक स्वतंत्र शब्द म्हणून उरलेला नाही. ही घडामोड केवळ मराठीत होते असे नाही. लॅटिनमध्ये ‘असणे, जवळ बाळगणे’ या अर्थाचे ‘हाबेरे’ हे क्रियापद मुख्य क्रियापदाच्या मागे येऊ लागले आणि त्यातूनच फ्रेंच व स्पॅनिश भाषांतील भविष्यकाळाचे प्रत्यय तयार झाले. आजचा सहायक उद्याचा प्रत्यय होतो आणि मग भाषेला त्याच्यावाचून काळच दाखविता येत नाही.

४. ध्वनियंत्रणेतील सहायक :

ध्वनियंत्रणेत ‘ऑक्स’ दोन ठिकाणी आढळतो. पहिला आवाज आत घेणारा आहे, दुसरा आवाज बाहेर पाठविणारा. या दोहोंत गल्लत होत असल्याने ते स्वतंत्रपणे पाहणे इष्ट ठरते.

(अ) आत घेणारा ऑक्स : १९७० च्या दशकातील घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागील बाजूस सामान्यतः ‘फोनो’, ‘ट्यूनर’, ‘टेप’ आणि ‘ऑक्स’ अशी नावे असलेली छिद्रे असत. यांपैकी ‘फोनो’ हे ग्रामोफोनसाठी असे. चुंबकीय सुईकडून येणारा विद्युतसंकेत अवघ्या काही मिलिव्होल्टचा असतो. शिवाय तबकडी कापताना खालचे स्वर मुद्दाम दबलेले आणि वरचे स्वर उठावदार ठेवलेले असतात. ‘फोनो’च्या छिद्रामागील मंडल हा संकेत वाढविते आणि स्वरांचे प्रमाण पूर्ववत करते. म्हणजे हे छिद्र एकाच साधनासाठी घडविलेले असते.

‘ऑक्स’च्या छिद्रामागे अशी कोणतीही खास व्यवस्था नसते. ज्यास ‘लाइन लेव्हल’ म्हणतात त्या प्रमाणित पातळीचा संकेत ते जसाच्या तसा स्वीकारते. घरगुती उपकरणांत ही पातळी सुमारे ०.३ व्होल्ट मानतात. माईकच्या काही मिलिव्होल्टच्या संकेताशी तुलना करता ती शंभरपटीच्या आसपास भरते. विद्युतदृष्ट्या ‘ट्यूनर’ आणि ‘ऑक्स’ यांत सहसा काही फरक नसतो. फरक नावाचा आहे. इतर छिद्रांवर पाहुण्याचे नाव आधीच लिहिलेले असते. ‘ऑक्स’वर ते लिहिलेले नसते.

याचे महत्त्व १९८२ नंतर दिसून आले. त्या वर्षी कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर अर्थातच ‘सीडी’ असे छिद्र नव्हते. तरी ते निरुपयोगी झाले नाहीत, कारण सीडी प्लेअर ‘ऑक्स’ला जोडता येत होता. पुढे एमपी-थ्री प्लेअर आणि मोबाइल फोन आले, तेही त्याच जागेतून आत आले. २००० च्या दशकात मोटारींच्या टेपवर ३.५ मिलिमीटरचे ‘ऑक्स’ छिद्र दिसू लागले. या जॅकच्या टोकाला डावा आवाज, मधल्या कड्याला उजवा आवाज आणि मुळाकडील भागाला भूमी अशी जोडणी असते. त्याचा आकाराने मोठा पूर्वज एकोणिसाव्या शतकातील टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरला जात होता. २०१६ साली आयफोन ७ मधून हे छिद्र वगळले गेले आणि ब्लूटूथचा प्रसार झाला. ज्यांची नावे कोरली होती ती उपकरणे कालबाह्य झाली. ज्या जागेवर कोणाचेच नाव नव्हते ती जागा मात्र अनेक दशके प्रत्येक नव्या उपकरणाला उपयोगी पडली.

येथे एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. ‘ऑक्स’ कोणालाही सामावून घेतो याचा अर्थ काहीही जोडावे असा नाही. साधा माईक किंवा ग्रामोफोनची चुंबकीय सुई थेट ‘ऑक्स’ला जोडल्यास आवाज अतिशय क्षीण येतो, कारण तेथे संकेत वाढविणारे मंडल नसते. व्याकरणात ‘लागणे’च्या आधी योग्य धातुसाधितच यावे लागते, तशी येथे योग्य पातळीच यावी लागते.

(आ) बाहेर पाठविणारा ऑक्स : कार्यक्रमाच्या मिक्सरवर प्रत्येक माईकसाठी एक उभी पट्टी असते. पट्टीच्या तळाशी सरकणारा फेडर असतो. प्रेक्षकांकडे किती आवाज जावा हे तो ठरवितो. त्याच पट्टीवर ‘ऑक्स १’, ‘ऑक्स २’ असे नॉब असतात. त्यांद्वारे त्याच आवाजाची एक प्रत स्वतंत्र वाटेने दुसरीकडे पाठविता येते. ही वाट मुख्यतः दोन कामांसाठी वापरतात. एक म्हणजे रंगमंचावरील कलावंतांना त्यांचा आवाज ऐकविणारे, त्यांच्याकडे तोंड केलेले मॉनिटर. दुसरे म्हणजे आवाजाला घुमारा देणारे उपकरण. मॉनिटरसाठीची प्रत फेडरच्या आधी घेतात, त्यामुळे प्रेक्षकांकडील आवाज कमी-जास्त केला तरी कलावंताला ऐकू येणारा आवाज बदलत नाही. घुमाऱ्यासाठीची प्रत फेडरनंतर घेतात, त्यामुळे मूळ आवाज उतरविला की घुमाराही त्याच प्रमाणात उतरतो.

अकलूजचे नाव राज्यभर पोहोचविणाऱ्या गोष्टींत येथील राज्यस्तरीय लावणी स्पर्धांचा वाटा मोठा आहे. लावणीच्या रंगमंचाचा विचार केला तर या दुसऱ्या ऑक्सचे मोल सहज उमगते. गायिका, ढोलकी, तबला, पेटी आणि नृत्यांगना यांचा मेळ क्षणाक्षणाला साधावा लागतो. मोठ्या मैदानावर मुख्य स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून असतात. रंगमंचावर त्यांचा आवाज मागे फिरून, उशिरा आणि गढूळ होऊन पोहोचतो. ढोलकीचा ठेका नृत्यांगनेला मॉनिटरमधून वेळेवर मिळाला नाही तर पाऊल समेवर पडणे कठीण होते. प्रेक्षकाला ऑक्सच्या वाटेने जाणारा हा आवाज स्वतंत्रपणे ऐकू येत नाही. त्याला केवळ लावणी रंगली किंवा पडली एवढे कळते. वाक्यातील सहायक क्रियापदाचेही असेच असते. ऐकणारा त्याकडे लक्ष देत नाही, पण ते चुकले की वाक्य चुकल्याचे त्याला तत्काळ जाणवते.

५. साम्य आणि त्याच्या मर्यादा :

वरील विवेचनावरून दोन्ही क्षेत्रांतील सहायकात तीन साम्ये दिसतात. एक, ‘सहायक’ ही वस्तू नसून जागा आहे. ‘बस’ हा धातू वाक्यागणिक मुख्य किंवा सहायक होतो; एखादे उपकरण ऑक्सला जोडले म्हणून ते स्वतः दुय्यम होत नाही. दोन, ही जागा मोकळी ठेवलेली असल्यामुळे व्यवस्थेला नव्या गरजा भागविता येतात. भाषेने तिथे टाकणे, ठेवणे, बसणे असे रोजचे धातू आणून त्यांना नवे अर्थ दिले; अ‍ॅम्प्लिफायरने सीडी आणि मोबाइल सामावून घेतले. तीन, सहायकाचे कार्य लक्षात न येणारे, परंतु मुख्याला तोलून धरणारे असते.

तथापि हे साम्य ओढून-ताणून लांबविणे योग्य ठरणार नाही. मराठीतील सहायक क्रियापदांची संख्या मर्यादित आहे. बोलणारा आपल्या मर्जीने नवे सहायक क्रियापद तयार करू शकत नाही. ऑक्सला मात्र योग्य पातळीचे कोणतेही उपकरण जोडता येते. ऑक्सची तार काढून ठेवली तरी यंत्राची बाकीची छिद्रे चालू राहतात. ‘ती शिकवत आहे’ यातील ‘आहे’ काढले तर वाक्य अधांतरी राहते. काळ, पुरुष आणि वचन यांचा भार सहायक क्रियापदावर आहे, तसा कोणताही भार आत घेणाऱ्या ऑक्सवर नाही. म्हणून व्याकरणातील सहायक मॉनिटरच्या ऑक्सला जवळचा आहे, ट्रॅक्टरवरील ऑक्सच्या वायरीला नव्हे, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

६. मराठी परंपरेतील जवळची कल्पना :

‘सहायक’ या शब्दाला चिकटलेली उतरंड वर्गात दूर करायची तर विद्यार्थ्याच्या परिचयाचे उदाहरण उपयोगी पडते. तमाशाच्या फडात आणि पोवाड्यात मुख्य गायकाच्या मागे झीलकरी असतात. मुख्य गायक ओळ सोडतो तेथून ते ती उचलतात, सूर टिकवून धरतात आणि गायकाला दम घ्यायला अवसर देतात. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून अकलूजला येते, तेव्हा दिंडीत एकाने सुरू केलेला चरण टाळकरी उचलून धरतात. झील नसेल तर गाणे बंद पडते असे नाही. पण ते उभे राहत नाही. येथे लॅटिन शब्दातील ‘वाढविणे’ आणि संस्कृत शब्दातील ‘सोबत जाणे’ हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. झीलकरी सोबत चालतो आणि आवाज वाढवितो.

व्याकरणासाठी ‘सहायक क्रियापद’ ही संज्ञा इतकी रुळली आहे की ती बदलण्याची गरज नाही. ती सांगताना मात्र ‘हाताखालचा’ हा अर्थ बाजूला ठेवून ‘सोबत जाणारा’ हा मूळ अर्थ सांगणे आवश्यक आहे. ध्वनियंत्रणेविषयी मराठीत लिहिताना आत घेणाऱ्या ऑक्सला ‘जादा जोडणी’ आणि बाहेर पाठविणाऱ्या ऑक्सला ‘उपवाट’ असे म्हटल्यास दोहोंतील भेद स्पष्ट राहील. बोलण्यात ‘ऑक्स’ हा शब्द सर्वांनी स्वीकारलेला आहे आणि तो तसाच राहण्यास हरकत नसावी.

समारोप :

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ‘ऑक्झिलरी’ आणि ‘सहायक’ या दोन्ही शब्दांच्या मूळ अर्थांत कनिष्ठता नाही, ती प्रशासकीय पदनामांच्या वापरातून आली.
२) मराठी सहायक क्रियापद काळ, बोलणाऱ्याचा दृष्टिकोन आणि वाक्याचा प्रयोग या तिन्हींवर परिणाम करते. म्हणून क्रियापदाच्या अध्यापनात त्याला परिशिष्टाची जागा न देता प्रयोगाच्या प्रकरणाशी जोडून शिकविणे हिताचे ठरेल.
३) ध्वनियंत्रणेत आत घेणारा ऑक्स नव्या उपकरणांना जागा देतो, तर बाहेर पाठविणारा ऑक्स कलावंतांचा मेळ राखतो. ही दोन कार्ये भिन्न आहेत.
४) भाषा आणि भौतिकशास्त्र या दोन विभागांच्या अध्यापकांनी एखादा तास एकत्र घेऊन ही संज्ञा समजावून दिल्यास विद्यार्थ्याच्या वर्गातील आणि वर्गाबाहेरील ज्ञानात दुवा निर्माण होईल.

ग्रामीण भागातील विद्यार्थी यंत्र हाताळण्यात तरबेज असतो आणि व्याकरणाला बिचकतो, असा अनुभव अनेक अध्यापकांचा आहे. मांडवात मिक्सरसमोर बसणारा मुलगा मॉनिटरची वाट आणि प्रेक्षकांची वाट यांतील फरक जाणतो. ‘तो लावणी म्हणू लागला’ आणि ‘त्याला लावणी म्हणावी लागली’ यांतील फरक समजून घेण्यासाठी लागणारी दृष्टी त्याच्याजवळ आधीच असते. त्याला दोन्हीकडील सहायक एकच आहे, एवढे सांगण्याचे काम अध्यापकाकडे उरते.